गेजा हाब्रुंकोचा मूळपुरुष

आमच्या गेजाला घमेंड एकाच गोष्टीची, आडनावाची. हाब्रुंको! आख्ख्या स्लोव्हाकियात ते लावणारा तो एकटाच उरलेला. "माझ्याबरोबर नाव संपलं," म्हणून उसासे टाकायचा. अरे बाबा, मग वेळेवर लग्न करायचं होतंस ना!

घरात त्याची भाची ओतिलिया आणि तिचा नवरा व्हिन्सेंट. बारा वर्षं छपराच्या फळ्या व्हिन्सेंटनं बदलल्या, मधमाश्या त्यानंच सांभाळल्या, दुखण्यात गेजाला उचलून न्हाणीत नेलं. आमच्या ओरावा भागात माणूस घरावरून ओळखतात, म्हणून गाव त्यालाही हाब्रुंकोच म्हणायचं. ते ऐकून गेजाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "तो घरजावई आहे, हाब्रुंको नाही! घर मी चर्चला देणार." सोमवारी कागद करायचं ठरलंसुद्धा. ओतिलियानं रडत रडत सामान बांधायला घेतलं.

इकडे गेजाला मूळपुरुष हवा होता. थडग्याचा दगड त्यानं आमच्या रीतीप्रमाणे जिवंतपणीच उभा केलेला. आपलं नाव कुठल्या शूर सरदाराकडून आलं, ते त्यावर कोरायचं होतं. त्याचे डोळे अधू, म्हणून त्याआधीच्या शुक्रवारी जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात जुन्या लॅटिन नोंदी वाचायला मला, शेजारणीला, नेलं. मी चाळीस वर्षं शाळेत मास्तरीण, लॅटिन येतं मला.

बाप, आजा, पणजा सापडले. खापरपणजा मात्येय, त्याचा जन्म मात्र कुठेच नाही.

"परदेशातून आला असणार! सरदारच तो!" गेजा म्हणाला.

"गप्प बस जरा," म्हणत मी लग्नाच्या नोंदी काढल्या. साल १८२३. नवरी झुझाना हाब्रुंको, घरची एकुलती लेक. नवरा मात्येय क्रिश्को, शेजारच्या गावचा गुराखी, सासुरवाडीलाच राहायला आलेला. पुढं पोरांच्या बाप्तिस्म्याला पाद्रीबाबांनी घराचंच नाव लिहून टाकलं.

मी दोनदा वाचून दाखवलं.

"म्हणजे मी..."

"घरजावयाचा वंश," मी म्हटलं. आधी मला हसू फुटत होतं, पण त्याचं तोंड बघून जीव कळवळला.

 घरी आलो तर व्हिन्सेंट अंगणात गाडीवर खोकी चढवत होता. गेजानं टोपी काढली.

"खोकी उतरव रे. नोंदी बघितल्या आम्ही. माझा खापरपणजाही घरजावईच होता. चुकलो मी, घर तुमचं."

व्हिन्सेंट खोकं धरून तसाच उभा. "मामा, कागदात सापडलं म्हणून होय? मी तर बारा वर्षं तुमच्या समोरच होतो."

 गेजा पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला.