जाऊबाईंनी काढायला लावलेली तांबी

रत्नागिरीच्या मासळी बाजारात मी बांगडे घेत होते, तेव्हा मानसीचा फोन आला. मानसी म्हणजे माझ्या थोरल्या जावेची मुलगी. "काकी, आई गेली..." एवढंच म्हणून ती रडायला लागली. मला रडू आलं नाही. आता सुतक, म्हणजे तेरावं होईपर्यंत मासळी बंद, हे आधी मनात आलं. पिशवीतले बांगडे शेजारी उभ्या असलेल्या बाईला देऊन टाकले आणि एस्टी स्टँडकडे निघाले. जाता जाताही हिने माझं कालवण बुडवलंच, असं वाटेभर घोकत होते. त्याला आता दीड महिना होऊन गेला. गेलेल्या माणसावर वर्तमानपत्राच्या पुरवणीत सगळे गोडच लिहितात. मला ते जमायचं नाही. तोंडावर मी तिला जन्मभर 'जाऊबाई, तुम्ही' म्हटलं, पण मनात ती कायम 'ती'च होती. इथेही तसंच लिहिते.

लग्न होऊन आले तेव्हा घरात सासूबाई, ती आणि मी अशा तिघी. आम्हा दोघींचे नवरे मुंबईला. ते यायचे गणपतीला आणि शिमग्याला, रजा मिळाली तर मे महिन्यात. आमच्या वाडीतल्या निम्म्या पोरांचे वाढदिवस पावसाच्या तोंडावर येतात ते त्यामुळेच. पहिला मुलगा जरा मोठा झाल्यावर मला रत्नागिरीत डी.एड.ला प्रवेश मिळाला. मास्तरीण व्हायचं, याशिवाय मला दुसरं काही नको होतं. उपकेंद्रातल्या नर्सबाईंना जाऊन सरळ विचारलं, की शिक्षण होईपर्यंत दिवस राहायला नकोत, काय करू? त्यांनी मला उलट विचारलं, पुढचं मूल कधी हवंय आणि नवरा कधी येतो? हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं, नवऱ्यानेसुद्धा नाही. मग त्यांनी एकेक समजावून सांगितलं. गोळ्या रोज आठवणीने घ्यायला लागतात. निरोध नवऱ्याच्या मर्जीवर. दिवस मोजणार म्हणशील, तर गणपती पंचांग बघून येतात, तुझी तारीख बघून येत नाहीत. ऑपरेशन केलंस तर पुढे मूल नाही, आणि तुला तर अजून एक हवंय... "तू तांबी बसव. हवं तेव्हा काढता येते, आणि रोज काही लक्षात ठेवायला नको." मी बसवून घेतली. असलं काही फोनवर सांगायचं नसतं, ह्यांना समोर बसवून सांगू, म्हणून शिमग्याची वाट बघत राहिले.

नर्सबाई एकदा वाडीत लसीकरणाला आल्या. जाता जाता अंगणातूनच त्यांनी विचारलं, "तांबीचा त्रास नाही ना गं?" बिचारीने काळजीनेच विचारलं. पण माझी जाऊ तिथेच भात पाखडत होती. सूप खाली ठेवून ती थेट दुकानात गेली आणि तिथल्या फोनवरून माझ्या नवऱ्याला कळवलं, "भावजी, तुम्ही मुंबयला, नि हिला हितं तांबी कशाला लागते, ते जरा इचारा." दुकानात चार बायका होत्या. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. हे मिळेल त्या गाडीने आले, कधी नव्हे ते बिनसणाचे. मला काही विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेले आणि तांबी काढायला लावली. नर्सबाईंनी दोनदा माझ्याकडे बघून विचारलं, "तुला काढायची आहे ना?" नवरा शेजारी उभा असताना मी काय सांगणार होते? गणपतीनंतर मला दिवस गेले, कॉलेज सुटलं ते सुटलंच. तो मुलगा माझा लाडका आहे, त्याचा यात काही दोष नाही. दोष तिचा आहे आणि ह्यांचा आहे. ह्यांच्याशी मी भांडून घेतलं, वर्षानुवर्षं भांडले, शेवटी ह्यांनी कबूलही केलं. ती मात्र शेजारच्या चुलीवर पेज ढवळत बसायची, जसं काही घडलंच नाही. मी वाडीतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायला लागले, तर स्वतःच्या मुलीला पाटी घेऊन माझ्याकडेच धाडायची. निर्लज्ज बाई!

तीच मानसी लग्न होऊन मालगुंडला गेली. जावई बोटीवर असतो, कधी सुटून येईल ते त्यालाही ठाऊक नसतं. मानसीचं फार्मसीचं कॉलेज अर्ध्यावर आणि सासरी मात्र नातवाची घाई. गेल्या वर्षी एका दुपारी तिची आई माझ्या दारात उभी राहिली.

"तू ने तिला डॉक्टरनीकडे. मला काय इचारायचं ते कळत नाय."

मला इतका संताप आला की दार तोंडावर लावणार होते. तोंडात आलं ते बोललेही. मानसीसाठी गेले, तिच्यासाठी नाही. रत्नागिरीत डॉक्टरीणबाईंनी मानसीला सगळं नीट सांगितलं. मानसीने तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन निवडलं. पाळी मागेपुढे होईल, बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागतील, हेही त्यांनी बजावलं. "चालेल," मानसी म्हणाली, "घरात पाकीट सापडायला नको, आणि मला विचारल्याशिवाय कोणाला ते काढता यायला नको." नवऱ्याला तिने आधीच सांगितलं होतं. तो "तुला सोसेल ते घे" म्हणाला होता. त्यालाही अक्कल बोटीवर गेल्यावरच आली असेल, पण आली.

मानसी आत इंजेक्शन घेत होती तेव्हा आम्ही दोघी बाहेर बाकावर. ओळखीचं कोणी येतंय का, म्हणून ती दाराकडे डोळे लावून बसली होती. मी विचारलंच, "तेव्हा असं का केलंत जाऊबाई?" दारावरची नजर न काढता म्हणाली, "तीन पोरं झाली माझी. मला कधी कोनी इचारलं नाय. सासूनं नेलं नि आपरेशन करून आनलं. तुला ती नर्स बसवून इचारते, पुढचं कधी हवं म्हनून... मला नाय मिळालं, ते तुला कशाला? येवढंच व्हतं गो."

खरं बोलली. त्या खरेपणाने माझं कॉलेज परत आलं नाही. मी तिला माफ केलेलं नाही, आणि तिने माफी मागितलीही नव्हती.

तेराव्याला मालगुंडहून मानसीची सासू आली. पानं मांडली होती, मानसी वाढत होती. सगळ्या बायकांसमोर सासू तिला म्हणाली, "आता उशीर करू नको गो. तुझी आवस तुझ्याच पोटी परत जन्माला यायला बसलीय." बायकांनी माना डोलावल्या. मानसीच्या हातातला डाव तसाच राहिला. ती माझ्याकडे बघायला लागली.

पडवीच्या भिंतीवर एक काळा, तेलकट डाग आहे. ती तिथे डोकं टेकून रस्त्याकडे बघत बसायची, सण जवळ आला की तासन् तास. चुना लावला तरी तो वर येतो. मी त्याच्याकडे बोट केलं.

"विहीणबाई, तो डाग बघा. जाऊबाईंच्या डोक्याचा हाय. जन्मभर तिथं टेकून नवऱ्याची वाट बघितलीय तिनं. लेकीचं कॉलेज होईपर्यंत आनखी थोडी बघेल."

मानसीने सासूच्या पानात खीर वाढली आणि पुढच्या पानाकडे गेली.