खून पहिल्या वाक्यात

सत्तरच्या दशकातल्या एका मे महिन्यात, दुपारच्या पाळीत, माझी पहिली रहस्यकथा दुसऱ्याच प्रकरणात संपली.

मी नागपूरच्या एका दैनिकात नवा उपसंपादक होतो. पुस्तक इतवारीतल्या वाचनालयातून आणलेले होते. त्यात रक्तपात नव्हता. छोटे गाव, विष घातलेले सरबत आणि घरोघरी चहा पीत चौकशा करणारी निवृत्त शिक्षिका, एवढेच होते. मला ते सोडवत नव्हते. आमच्या मुख्य उपसंपादकांनी ते आधीच वाचलेले होते.

“काय वाचून राहिला गा?” त्यांनी विचारले.

“रहस्यकथा, साहेब. पहिलीच.”

“डॉक्टरनं मारलं.”

“काहून सांगितलं, साहेब?”

“बातमीतली मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात. तुले किती वेळा सांगावं?”

पुढच्या आठवड्यात मी त्याच शिक्षिकेची दुसरी कथा आणली, वाचली आणि साहेबांना दिली. वाचनालयाची पुस्तके हातोहात फिरून खिळखिळी होत. याचे शेवटचे प्रकरण सुटेच झाले होते. ते माझ्या खणात राहिले.

दोन दिवसांनी साहेब पुस्तक घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

“शेवटचं प्रकरण कुठं हाय गा?”

“जागा कमी पडली, साहेब. बातमी खालून कापायची, असं तुम्हीच शिकवलं.”

“बरं, खून कोणं केला ते तरी सांग!”

“आधी काही खाऊ, साहेब.”

त्यांनी कॅन्टीनमधून गरम आलुबोंडे मागवले. पहिला आलुबोंडा संपल्यावर मी खण उघडला.