मधोमध काय आहे

यशा गेल्याचा फोन वीजकेंद्राच्या कंट्रोल रूमवर आला, तेव्हा त्याचा कॉम्प्युटर माझ्या क्वार्टरमध्ये चालूच होता. कावीळच आहे, उतरेल, म्हणत आम्ही सगळे गाफील राहिलो. फोन ठेवला आणि मनात आलं ते भलतंच... आता ते मशीन बंद कोण करणार?

यशवंत जळगावच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. धुळ्याला आम्ही एका खोलीत राहून शिकलो होतो. आकाशगंगा म्हणे न दिसणाऱ्या द्रव्याच्या ढगात बसलेल्या असतात. तसे ढग कॉम्प्युटरवर बनवून त्यांची घडण मोजायची, हा त्याचा पीएच.डी.चा विषय. ढगात कांद्यासारखी एकात एक कवचं कल्पायची आणि प्रत्येकात किती कण सापडतात ते बघायचं. बाहेरचं जमलं होतं. अगदी आत मात्र कण इतके थोडे उरायचे, की मधोमध दाटी वाढतच जाते की थांबते, हेच ठरेना. त्यासाठी मोठा ढग हवा, तो बनायला आठवडे लागायचे, आणि जळगावात मध्येच वीज गेली की सगळं पहिल्यापासून. शेवटी मॉनिटर मांडीवर घेऊन पठ्ठ्या एसटीनं दीपनगरला आला. वीजकेंद्राची वसाहत, इथे लाइट जात नाही. "तू वीज सांभाळ, विश्वाचं मी बघतो," म्हणायचा गाढव. शनिवारी वांग्याच्या भरताचा डबा आणायचा, आणि जेवताना लक्ष सगळं पडद्यावर.

त्याचे वडील, नाना, साक्रीकडून आले की विचारायचे, "जे दिखत नही, ते तू कसं मोजस रे? आन् मझार, मधोमध, काय शे?"

"तेच त देखी ऱ्हायनू, नाना. समजनं का पहिले तुम्हले सांगसू."

तो गेल्यावर काही दिवसांनी मशीनचं काम आपोआप संपलं. पडद्यावर आकडेच आकडे. दिवसभर मीटर वाचणारा मी, पण त्यातलं मला ओ की ठो कळेना. उतरवून त्याच्या गाईडना पाठवले. उत्तर आलं, आतल्या भागाचं अजून सांगता येत नाही, याहून मोठा ढग करावा लागेल... कोण करणार?

तेराव्यानंतर नाना मशीन न्यायला आले. कितीतरी वेळ पडद्याकडे बघत बसले.

"मझार काय शे, समजनं का त्याले?"

हो म्हणावंसं फार वाटलं.

"नाही, नाना."

"मंग बंद नको करू. चालू ऱ्हाऊ दे."

रिकाम्या हातानं ते साक्रीच्या गाडीत बसले. मशीन अजून माझ्याच खोलीत आहे, तेच आकडे दाखवत. वाटतं, एकदा वीज जावी, म्हणजे ते आपोआप बंद होईल, माझ्या हातानं नाही. पण वसाहतीत लाइट जात नाही.