नापास केलेली गल्ली

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या अपघातांवर पोट भरलेल्या माणसाला भाड्याचं घर शोधायला पाठवू नये, असं सर्व्हेअरच्या बायकोचं स्पष्ट मत होतं. पण तिचाही इलाज नव्हता. ती हॉस्पिटलात नर्स, तिच्या जागी दुसरी येईपर्यंत महिनाभर तरी तिला जुन्या गावातून हलता येणार नव्हतं, आणि लेकीची नवी शाळा तर पंधरा दिवसांत सुरू होणार होती. तेव्हा विमा कंपनीने जिथे बदली केली त्या शहरात आधी तीन जीवांनी जायचं ठरलं: सर्व्हेअर, नऊ वर्षांची लेक आणि बोजा.

बोजा म्हणजे कुत्रा. पिल्लू होता तेव्हा त्याला एक गोंडस नाव होतं, पण पुढे तो असा काही अंगाने सुटला आणि फिरायला नेलं की भर रस्त्यात अशी काही बसकण मारायला लागला, की ओढून ओढून दमलेल्या घरच्यांनी त्याचं नाव आपोआपच बदललं. अंगाने वासराएवढा, काळजाने सशाएवढा. छत्री उघडली की हा पलंगाखाली. चोर आलाच तर बोजा चोराच्याच मागे लपेल, असं लेक म्हणायची.

सर्व्हेअर माणूस वाईट नव्हता, फक्त त्याचं काम त्याच्या डोळ्यांत बसलं होतं. कुठे स्वयंपाकघर जळलं, कुठे भिंत गाडीवर पडली, कुठे कोण जिन्यावरून घरंगळलं, की याने जायचं, मोजमाप घ्यायचं, फोटो काढायचे आणि हे कसं झालं ते लिहून काढायचं. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं म्हणतात. याच्यापुढे दर महिन्याला तीस-चाळीस माणसं ठेचकाळत होती. त्यामुळे शहाणपण इतकं साठलं होतं की ठेवायला जागा नव्हती. कठड्यावरची कुंडी दिसली की त्याला कुंडीखालचं डोकं दिसे. गुळगुळीत फरशी दिसली की मोडलेलं मनगट दिसे. लेकीच्या सायकलला त्याने दोन घंट्या बसवल्या होत्या. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून.

नव्या शहरात कंपनीने त्यांना ऑफिसच्या वरची एक खोली पंधरा दिवसांसाठी दिली. तिथला रखवालदार म्हणाला की कुत्रा चालणार नाही. त्याचं बोलणं संपायच्या आत बोजा त्याच्या बुटावर बसला. दोघांनी मिळून उठवून पाहिला, उठेना. शेवटी रखवालदाराने पाय बुटातून काढून घेतला आणि पंधरा दिवसच ना, म्हणत विषय सोडून दिला.

पहिल्याच संध्याकाळी सर्व्हेअरने घराची यादी केली. तिच्यात त्रेचाळीस मुद्दे होते. शाळेपर्यंत रस्ते किती ओलांडावे लागतात, दिव्यांच्या खांबांपैकी पेटतात किती, गटारांवर झाकणं आहेत का, गॅलरीच्या गजांमध्ये अंतर किती (लेकीचं डोकं त्याने त्याआधी टेपने मोजून घेतलं). बोजासाठी वेगळे अकरा मुद्दे होते: मोकळी जमीन, सावली, जनावरांचा डॉक्टर, मोकाट कुत्री, आणि शेजाऱ्यांचं मत. लेकीने यादी वाचली आणि विचारलं, यात आपल्याला घर आवडलं का, हे कुठे लिहायचं? ते शेवटी बघू, असं तो म्हणाला.

घरं दाखवायला एक एजंट मिळाला. काटकुळा माणूस, हातात किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की चालताना एका अंगाला झुकायचा. त्याने आधी एका नव्याकोऱ्या वसाहतीत नेलं. भलं मोठं फाटक, पहारेकरी, हिरवळ, आणि दारातच पाटी: पाळीव प्राण्यांचं स्वागत आहे. सर्व्हेअर खूश झाला. पाटीच्या खाली बारीक अक्षरांत सतरा नियम होते, ते लेकीने मोठ्याने वाचून दाखवले. कुत्र्याने लिफ्टमधून जाऊ नये. हिरवळीवर जाऊ नये. मुख्य वाटेवरून जाऊ नये. पाहुण्यांच्या नजरेस पडू नये. भुंकू नये. सतरावा नियम वाचून झाल्यावर तिने पहारेकऱ्याला अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "मग स्वागत कुठे करतात?"

पहारेकऱ्याला ते माहीत नव्हतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं पुटपुटत सर्व्हेअर मागे फिरला. शिवाय तिथल्या पोहण्याच्या तलावाला कुंपण नव्हतं.

दुसरी जागा शाळेच्या जवळ होती. रुंद रस्ता, उंच भिंती, सगळे दिवे पेटणारे. अडतीस मुद्द्यांवर ती पास झाली आणि सर्व्हेअरचा चेहरा उजळला. पण अर्धा तास ते तिथे उभे होते, तेवढ्यात माणूस म्हणून दिसला नाही. फाटकांच्या आत कुत्री भुंकत होती, फाटकांच्या बाहेर वारा. बोजा गाडीतून उतरलाच नाही. तरीही सर्व्हेअरने ती घेतली असती, पण घरमालकाने फोनवर सांगितलं की कुत्रा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधावा लागेल. लेकीने नुसतं बोजाकडे पाहिलं आणि मग बापाकडे पाहिलं. नाही म्हणायला तेवढं पुरलं.

असं करता करता आठ दिवसांत तेरा घरं झाली. एका घराचा जिना चढा होता, एकाच्या गच्चीवरची टाकी कललेली, एकाच्या दारातून वीजवाहिनी हाताला लागेल अशी गेलेली. चौदावं घर एका जुन्या, अरुंद गल्लीत होतं. तिमजली घरं, जिने बाहेरून, डोक्यावर तारांचं जाळं, फाटक नाही, पहारेकरी नाही, आणि कोपऱ्यावर गटारावरची एक फरशी गायब. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्याच्या खालच्या अर्ध्या मजल्यावर, जिथे जिना वळतो तिथे, उजेड चांगला म्हणून एक काकू शिलाई मशीन मांडून बसल्या होत्या. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. सर्व्हेअरने नियमाप्रमाणे त्यांचं मत विचारलं. काकूंनी आधी टाचण्या काढून ठेवल्या आणि मग सांगितलं की त्यांना कुत्री आवडत नाहीत, आधीपासूनच नाहीत, आणि विचारलंत म्हणून सांगितलं.

सर्व्हेअरने फुली मारली. गल्लीला एकूण एकोणीस मार्क पडले.

"दगडापेक्षा वीट मऊ, साहेब," एजंट अजिजीने म्हणाला. सर्व्हेअरने मान हलवली. गल्ली नापास. दुसऱ्या दिवसापासून एजंट फोन उचलेनासा झाला.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती, पण सर्व्हेअरला त्या गायब फरशीने झोप लागू दिली नाही. घर घ्यायचं नाही हे खरं, पण खड्डा तो खड्डाच. नगरपालिकेला रीतसर अर्ज करायचा, मापं आणि फोटो जोडायचे, हे त्याच्या अंगवळणीच पडलेलं. म्हणून शनिवारी सकाळी तो लेकीला आणि बोजाला घेऊन पुन्हा त्या गल्लीत गेला. खड्ड्याची लांबी घेतली, रुंदी घेतली, लेकीने आकडे लिहून घेतले. मग फोटोत खड्डा आणि घराचा नंबर दोन्ही यावेत म्हणून तो दोन पावलं मागे सरकला. मागे दुसरा खड्डा होता. तो यादीत नव्हता.

उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि बाकीचा सर्व्हेअर बाहेर आडवा झाला. बोजाचा पट्टा हातातून सुटला. एरवी बोजा पळून जायचा, पण घाबरण्याची ही पायरी त्याच्या माहितीतलीच नसावी. तो जागच्या जागी बसला आणि त्याने हनुवटी खड्ड्याच्या काठावर टेकली. लेक रडवेली होऊन वही छातीशी धरून उभी राहिली. घाबरू नकोस, असं सर्व्हेअर तिला सांगत होता, पण त्याचा स्वतःचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

सगळ्यात आधी पोचल्या त्या जिन्यावरच्या काकू, हातात अजून कात्री. मागोमाग लाँड्रीवाला त्याच्या तीनचाकी हातगाडीसकट. मग वरच्या मजल्यावरचे दोघेतिघे. कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं यावरून त्यांच्यात तिथेच वाद जुंपला, पण वाद घालता घालता त्यांनी त्याला काखेत धरून अलगद बाहेर काढलंही. लाँड्रीवाल्याने धुतलेल्या चादरींचा गठ्ठा सारखा करून वर त्याला बसवलं आणि पाय तेवढा बाहेर ठेवायला सांगितला. काकूंनी लेकीच्या हातातली वही घेऊन तिच्या हातात बापाचा एक बूट दिला. हा सांभाळायचा, दवाखान्यात लागेल, म्हणाल्या. काम मिळाल्यावर पोरीचं रडू थांबलं.

पण सर्व्हेअर हलायला तयार होईना. वेदनेपेक्षा त्याला वेगळीच काळजी लागली होती, आणि ती त्याला बोलूनही दाखवता येईना. नवं शहर, अनोळखी गल्ली, लेकीला कुठे ठेवायचं? कुणीतरी म्हणालंच, की पोरीला इथे राहू दे, आम्ही बघतो.

काकूंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काही नको," त्या म्हणाल्या. "ओळख ना पाळख, अशा माणसांत लेक ठेवून जाऊ नये. ती तुमच्याबरोबर येईल. कुत्रा राहू दे इथे."

"पण तुम्हाला तर कुत्री आवडत नाहीत."

"नाहीच आवडत. म्हणून काय रस्त्यावर सोडू?"

बावीस वर्षांत लोकांनी सर्व्हेअरपुढे पुष्कळ गोड बोलून पाहिलं होतं. असं कडू आणि बिनचूक कुणी बोललं नव्हतं. तो गाडीवर मागे रेलला आणि निघायला तयार झाला. चादरींच्या गठ्ठ्यावर बाप, बाजूला बूट कवटाळून चालणारी लेक, अशी ती वरात दवाखान्यात पोचली.

घोट्याचं हाड मोडलं होतं. पाच आठवडे प्लास्टर. डॉक्टरांनी कसं झालं विचारलं तेव्हा त्याने सवयीप्रमाणे क्रमवार सांगायला सुरुवात केली, आणि कारणापाशी येऊन अडखळला. ते लेकीने पूर्ण केलं: बाबांनी मागे बघितलं नाही.

दोन तासांनी ते परत आले तेव्हा जिन्याच्या वळणावर वाहतूक तुंबली होती. बोजा वळणभर आडवा पसरून झोपला होता आणि त्याचं डोकं मशीनच्या पायडलवर होतं. वर जाणारी दोन माणसं पिशव्या घेऊन पायरीवर वाट पाहत बसली होती. काकू शिवण बाजूला ठेवून बसून होत्या. उठवला का नाहीत, असं सर्व्हेअरने शरमून विचारलं. उठवला होता, त्या म्हणाल्या, पण तो उठण्यातला नाही. शेजारी पाण्याचं पातेलं होतं, अर्धं रिकामं.

एजंटने या खेपेला फोन उचलला, बहुधा चुकून. दोन खोल्या अजून रिकाम्या आहेत का, असं सर्व्हेअरने विचारल्यावर तिकडे बराच वेळ नुसती किल्ल्यांची खुळखुळ ऐकू आली. मग एजंट जपून म्हणाला, "साहेब, तुम्हीच एकोणीस मार्क दिले होते."

"हो," सर्व्हेअर म्हणाला. "चुकले."

बायकोला इतक्यात कळवायचं नाही, ती उगाच काळजी करेल, असं त्याने ठरवलं होतं. लेकीने ते संध्याकाळपर्यंतही टिकू दिलं नाही. बायको आधी पोटभर हसली आणि मग तिने कुठलं हाड ते विचारलं. हाड समजल्यावर पुन्हा थोडं हसली.

गल्ली म्हणजे काही स्वर्ग नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी कुत्र्याच्या केसांवरून दोन महिने अबोला धरला. समोरच्या घरी कुणीतरी ट्रम्पेट शिकत होतं आणि शिकून संपत नव्हतं. काकूंनी बोजाला मशीनपासून तिसऱ्या पायरीची हद्द घालून दिली. ती त्याने इमानाने पाळली, फक्त तिसऱ्या पायरीवर ठेवलेलं डोकं हद्दीत मोजायचं की हद्दीबाहेर, यावर रोज एक वाद होई. लेकीला पहिल्याच आठवड्यात शाळेत बरोबर जायला चारजणी मिळाल्या. चारहीजणी तिला बुटाची गोष्ट सांगायला लावत. सर्व्हेअर प्लास्टर खुर्चीवर ठेवून खिडकीत बसे आणि त्या पाचजणी कोपरा वळेपर्यंत पाहत राही. पहिले काही दिवस तो रस्ते ओलांडलेले मोजत होता. मग मोजायचं राहून गेलं.

महिना संपता संपता बायको आली. दोन बॅगा घेऊन ती जिना चढायला लागली तशी मशीनची खडखड थांबली आणि काकूंनी कोण, कुठल्या, हे विचारून घेतलं. मग त्यांनी तिला स्टुलावर बसवलं. खड्ड्याची हकिकत सुरुवातीपासून, थोडी जास्तीची भर घालून सुरू झाली, आणि ती सर्व्हेअरला वर खिडकीत बसून शब्दन् शब्द ऐकू येत होती. चादरी आल्या, चुन्यासारखा चेहरा आला, डॉक्टर आले. दहा-पंधरा मिनिटं त्याने कळ काढली. मग त्याला राहवेना, आणि त्याने वरून बायकोला हाक मारून सांगितलं की येताना कठडा धरू नको, तो हलतो.

खाली दोघी एकदमच हसल्या.