परातीतलं पिवळं पाणी

कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, हे सत्य मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे. माझ्या धाकट्या भावाला कावीळ झाली तेव्हा मी त्याला मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, "दिसतं तर सगळं तसंच. वरणाला फोडणी दिली की मळमळतं, एवढंच." एवढ्यावरून कोणी म्हण मागे घेईल, अशी माझी अपेक्षा नव्हती.

आम्ही गुजरातेत नवागामला राहायचो आणि भाऊ उधन्याला कापडाच्या लूमवर जायचा. त्याचे डोळे पिवळे झाले तशी आई त्याला गल्लीतल्या बाबांकडे घेऊन गेली. बाबा धुळ्याकडचे, कावीळ उतरवण्यात नावाजलेले. रोग्याच्या हातांना आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळायचा, मंत्र म्हणायचा आणि चुन्याच्या निवळीनं हात परातीत धुवायचे. पाणी पिवळंधम्मक होतं. ती म्हणजे उतरलेली कावीळ.

प्रत्येक खेपेला परातीत भरपूर कावीळ उतरायची आणि भाऊ आणखी खंगायचा. तो जिना चढताना मध्येच पायरीवर बसायला लागला, तेव्हा मी ठरवलं: याचं रक्त तपासायचंच, मग घरात काहीही होवो.

आई ऐकेना. "डोयासले दखाई राह्यनं, मंग रगत कशाले काढानं?"

मुद्दा बिनतोड होता. डोळ्यांना दिसतं त्याला उत्तरही डोळ्यांना दिसेल असंच हवं. पुढच्या खेपेला भावाचे हात धुऊन झाल्यावर मीच परातीसमोर बसलो.

"बाबा, आता माझे धुवा. मला काही झालेलं नाही. पाणी पांढरं राहिलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

बाबांनी तितक्याच गांभीर्यानं मंत्र म्हटला. पाणी पिवळं झालं, भावापेक्षा काकणभर जास्तच. मी जिंकल्यासारखं आईकडे पाहिलं. आई रडायला लागली.

"अरे देवा, याले बी शे!"

"शिकेल माणूसनी कावीय दखास नही," बाबा शांतपणे म्हणाले. "मझार ऱ्हास."

भाऊ बऱ्याच दिवसांनी हसला. "दादा, आता तूही वरण सोड."

प्रयोग माझा आणि निष्कर्ष त्यांचा, असं झालं होतं. वाद घालायला मी तोंड उघडलंही. पण आईचा चेहरा पाहिला आणि मला वाट सापडली.

"आई, माझी कावीळ आतली आहे ना? मग मी रक्त तपासतो. पण एकटा जाणार नाही. दोघांचं रक्त एकदमच द्यायचं."

मी परातीसमोरून हललो नाही. शेवटी ती उठली, डोळे पुसले आणि बाहेर जाऊन तिनंच रिक्षा थांबवली.

भावाचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी त्याला तिथल्या तिथे दाखल करून घेतलं. आणखी उशीर केला असता तर काय झालं असतं, तेही त्यांनी आईला स्वच्छ गुजरातीत सांगितलं. माझ्या रिपोर्टमध्ये काही नव्हतं. भाऊ सावकाश बरा झाला आणि लूमवर परतला.

बाबांकडे अजूनही रांग असते. कोणी नवखा शंका काढू लागला की ते भावाचं नाव घेत नाहीत, माझं घेतात: एकदाच हात धुतले आणि लगेच रिपोर्ट नॉर्मल.