तोमेकोबाई आणि इसाकूचा घण

आमच्या जपानी गावात वर्ष संपताना मोची, म्हणजे चिकट भाताची मऊ वडी, कुटली जाते ती तोमेकोबाईंच्या अंगणात. उखळातल्या वाफाळत्या चिकट भातावर लाकडी घण पडतो, आणि दोन घावांच्या मध्ये ओल्या हाताने गोळा उलटतात त्या बाईच. चाळीस वर्षांत त्यांचं एक बोट ठेचलं नाही.

यंदा घण चालवणाऱ्या त्यांच्या दिराची कंबर धरली. दुसरा जाणता एकच, तोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर विकणारा इसाकू. पण बाई त्याच्या तोफूला "ओला पुठ्ठा" म्हणाल्यापासून नऊ वर्षं दोघांत अबोला होता. आणि मोची कुटताना तर एकमेकांना आवाज द्यावाच लागतो, नाहीतर हात चिरडायचा!

भात निवायला लागला, तसा इसाकूने मुकाट्याने घण उचलला.

"हं!" तो म्हणाला.

"हं!" बाई म्हणाल्या.

दहा घाव असेच गेले. अकराव्याला इसाकू ओरडला, "पुठ्ठा काय!"

"ओला!" गोळा उलटत बाई कडाडल्या.

"खवट म्हातारी!"

"टकल्या!"

"नऊ वर्षं गं!"

"तूच फुगलास!"

ताल एकदाही चुकला नाही. आम्ही बायका हसून हसून अंगणातच बसलो. शेवटी बाईंनाच हसू फुटलं. "थांब मेल्या, बोट जाईल माझं!" इसाकूने घण कसाबसा हवेतच आवरला आणि डोळे पुसत खो खो हसत सुटला.

"अरे, झाली की मोची!" दीर पडल्या पडल्या ओरडले.

"झाली कुठे? दुसरा भात आणा!" दोघं एकदम म्हणाली.

दरवर्षी तीन उखळं पुरतात. त्या दिवशी सात झाली, आणि शेजारच्या गावालासुद्धा मोची वाटावी लागली.