बारशाआधी नाव

आमचे हे कॅनडात ट्रक चालवतात. कामाच्या परमिटवर. परमिट संपलं की परत यायचं, म्हणून तिकडे कायमचं राहायचा, पीआरचा अर्ज टाकलेला. तेव्हा मला सहावा महिना. अर्जात माझं नाव होतं, बाळ तर पोटात. मुलगी झाली तेव्हा मीरा रोडचा एजंट बोलला, "ताई, बेबीचं आता काढूच नका, फाईल लटकेल. पीआर येऊ दे, मग बोलवून घ्या."

मी बरं म्हटलं. आठवीत शाळा सुटलेली, मला काय कळतंय.

परवा गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तर खालच्या मजल्यावरची भाभी बोलली, "बच्ची का नाम फाईल में है ना? मेरे भाई ने नहीं बताया था. उसको पीआर मिल गया, बेटा इधर ही रह गया. बाद में बुलाने नहीं देते."

ओले कपडे तसेच टाकले न् फोन लावला. हे बोलले, "एजंट काय येडा आहे?"

"येडी मीच, बस? पण नाव टाका."

"मग जन्मदाखला पाठव."

कपाटातून दाखला काढला तर नावाची जागा कोरी. बारसंच नव्हतं झालं ना! हेच बोललेले, मी आल्यावर करू. सासूबाई तर अडूनच बसल्या, "आत्या रत्नागिरीहून येईल, कानात नाव सांगेल, मगच कागदावर. नावाशिवाय काय अडलंय पोरीचं?"

सकाळी त्यांना न सांगता पोरीला कडेवर घेतलं, भाईंदरला पालिकेत गेले. ही रांग! पोरगी रडतेय, मला घाम फुटलेला. खिडकीतला माणूस बोलला, "नाव?"

"एक मिनिट."

"ओ ताई, आठ महिने झाले, अजून एक मिनिट?"

मागच्या बायका हसल्या. मी पोरीच्या कानाशी तोंड नेलं. आत्यानं सांगायचं ते मीच सांगितलं. ती गप झाली, माझं मंगळसूत्र चावायला लागली. मग खिडकीत मोठ्यानं बोलले.

नवा दाखला मिळाल्या मिळाल्या फोटो काढून पाठवला. ह्यांनी एजंटला न विचारता फाईलमध्ये टाकला.

"आता लांबणार हं. तोवर परमिट संपलं तर?"

"तर या परत."

बोलून गेले खरी. सासूबाई बोलत नाहीत. तिकडून अर्जाचं अजून काही उत्तर नाही, फोन वाजला की हातातलं टाकून धावते. ह्यांचाच असतो. आधी विचारायचे, बाळ झोपलं का. आता तिचं नाव घेऊन विचारतात.